पोत्याच्या पोटातला हिरडा

संपादकांचं पत्र आलं: यंदाचा दिवाळी अंक लढाईवर काढतो आहोत, मागचं महायुद्ध तुमच्या ऐन उमेदीत झालं, तर ते कोणत्या शस्त्राने जिंकलं यावर लिहा. मी उलट टपाली कळवलं की लढाई मी पाहिलेली नाही. ती चार वर्षं मी जुन्नरच्या वखारीत हिरडे चावत काढली. बंदूक अजून हातात धरलेली नाही. आमचं घर मारवाडातून आलेल्या जैनांचं. कुणी ढेकूण चिरडला तरी काकासा, म्हणजे माझे काका, दिवसभर तोंड फिरवून बसायचे. यावर संपादकांचं पुन्हा पत्र, "मग हिरडे चावलेत त्यावर लिहा." माणूस चिकट दिसतो. म्हणून हे.

आता पुन्हा तसलीच लढाई पेटल्यापासून आमच्या पेठेतल्या न्हाव्याच्या दुकानात सकाळी दुसरा विषय नसतो. शाळेचे मास्तर म्हणतात, मागची लढाई विमानांनी जिंकली. न्हावी विषारी धुरावर ठाम आहे. तो कधी शिरूरच्या पलीकडे गेलेला नाही. हवालदार मात्र खरोखर जाऊन आलेले, मूळचे मंचरचे, खेचरांच्या तुकडीत होते. ते साबण लावलेल्या तोंडाने गरजतात, "तोफ! तिचा आवाज ऐकला न्हाई तुमी, म्हणून इमान-इमान करताय राव." आणि मग माझ्याकडे बघून, "आन् शेट म्हणत्यात हिरडा!" सगळे हसतात. मीही हसतो. पण मी ते थट्टेने म्हणत नाही.

ज्यांना हिरडा म्हणजे पोट साफ करायचं औषध एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला, घाटाच्या कडेला, हिरड्याची झाडं आहेत. मार्गशीर्षापासून पिकलं फळ गळू लागतं. तिथले कोळी लोक ते वेचतात, कातळावर पसरून पंधरा-वीस दिवस कडक वाळवतात आणि डोक्यावर किंवा बैलाच्या पाठीवर घालून जुन्नरच्या बाजाराला आणतात. औषधाला जातो तो चिमूटभर. शाईला जातो तो मूठभर. बाकी सगळा जातो कातडं कमवायला. जनावराचं कच्चं कातडं चार दिवसांत कुजतं. तेच हिरड्याच्या पाण्यात मुरलं की वर्षानुवर्षं टिकतं, पाण्याला दाद देत नाही. मोट असो, खोगीर असो, वहाण असो, तिच्या मुळाशी हिरडा किंवा बाभळीची साल असते.

काकासांची वखार होती आणि मी त्यांचा पुतण्या, विसाव्या वर्षापासून तिथला पारखी. पारखी म्हणजे काय, तर आलेल्या ढिगातून डोळे मिटून पाच हिरडे उचलायचे. एक कानाशी हलवायचा. एक दगडावर फोडायचा. आत पिवळा आणि टणक निघाला तर उत्तम, काळा आणि भुसभुशीत निघाला तर भिजलेला. एक चावायचा. चांगला हिरडा जीभ अशी आवळून धरतो की क्षणभर बोलता येत नाही, आणि त्यानंतर साधं पाणी प्यायलं तरी गूळ घातल्यासारखं लागतं. दिवसाला पन्नास-साठ हिरडे चावले जायचे. माझे दात चाळिशीतच काळे पडले, पण जुन्नरच्या पाण्याएवढं गोड पाणी माझ्याइतकं कुणी प्यायलं नसेल.

घेणारे-विकणारे एकेक होते. एक वैद्यबुवा नारायणगावहून यायचे, पाण्याचं घंगाळ मागवायचे आणि त्यात एकेक हिरडा सोडायचे. बुडेल तो घ्यायचे, तरंगेल तो परत. ओंजळभर हिरड्यासाठी दुपार जायची आणि घंगाळ आमचं. माल विकायला येणारे एक गृहस्थ पोत्याच्या तळाशी खडे घालून आणायचे आणि सापडले की खड्यांकडे असे बघायचे, जणू खडेच वाट चुकून आले. त्यांच्याशी भांडताना काकासांना फार मजा यायची. एका वर्षी ते आले नाहीत तर काकासांनी माणूस पाठवून प्रकृती विचारली.

काकासा कधीही 'कातडं' हा शब्द उच्चारत नसत. 'माल मुंबईला जातो' एवढंच. मुंबईत त्याचं काय होतं हे त्यांना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे त्यांना माहीत करून घ्यायचं नव्हतं. लढाई सुरू झाली त्या वर्षी मुंबईच्या पेढीचा एक माणूस आला. काकासांच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर त्याने पिशवीतून एक बूट काढून ठेवला. फौजी बूट, जाड, तळाला लोखंडी खिळे. काकासा भिंतीपर्यंत मागे सरकले.

"घाबरू नका शेठजी," तो म्हणाला. "हा बघून ठेवा. सरकार तोफा ओतेल हव्या तेवढ्या. पण तोफ ओढायला जनावर पाहिजे, जनावराला खोगीर-पट्टे पाहिजेत, आणि मागून चालणाऱ्या माणसाला हा पाहिजे. अनवाणी फौज आठ दिवस टिकत नाही. तुमच्याकडे असेल तेवढा हिरडा द्या, आणि उद्या जो झाडावर येईल तोही द्या."

तो गेल्यावर काकासांनी गादीची खोळ तीनदा धुवायला लावली. पण माल दिला. त्या दिवसापासून मी म्हणत आलो आहे की महायुद्ध जिंकायला बूट लागले, आणि बुटाला आमचा हिरडा लागला.

आता ठकूबद्दल लिहायला हवं. खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं, इतका वेळ वखारीत घुटमळलो.

ठकू घाटघरची. नाणेघाटाच्या अगदी तोंडाशी तिचं घर, जिथे वाऱ्याने माणूस वाकून चालतो. तिचा नवरा बुधा नाणेघाटातून बैलांचा तांडा उतरवायचा. लादलेलं जनावर कड्याच्या वाटेने कसं न्यावं हे ज्याला येतं तो खेचरवाला म्हणून फौजेला हवाच होता. भरतीवाले आले आणि बुधाला घेऊन गेले. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तेव्हापासून ती दर बाजाराला एकटी यायची. पहाटे घाटघर सोडायची आणि उन्हं चढेपर्यंत वखारीच्या ओट्याशी डोक्यावरचा भारा उतरवायची. वयाने ती माझ्याएवढीच. पण त्या काळी आम्ही वखारवाले सगळ्या कोळ्यांना सरसकट अरे-तुरे करायचो. त्याची आता लाज वाटते.

पहिल्या वर्षी तिचा हिरडा वाईट असायचा. अर्धवट वाळलेला, किडका, देठासकट. मी एकदा फोडून तिच्यासमोर धरला.

"हे काय आणलंस? हे काय कामाचं?"

"जसा पडला तसा आणला, धाकलं शेट. एकलीनं किती निवडू?"

मला काय सुचलं कोण जाणे. मुंबईवाल्याचा बूट डोक्यात असेल. मी म्हणालो, "अगं वेडे, या हिरड्याचे फौजेचे बूट होतात. तुझ्या माणसाच्या पायातही हाच जाणार. असला किडका घालायचाय का त्याच्या पायात?"

तिने भारा उचलला आणि न विकता परत गेली, चौदा मैल.

पुढच्या बाजाराला तिने आणलेला हिरडा मी आयुष्यात विसरणार नाही. एकसारखा, पिवळा, खणखणीत. ढीग ओतला तर सुपात सुपारी ओतल्यासारखा आवाज झाला. मी पाच उचलले, दहा उचलले, एकही खोट निघेना. मला फार हुशारी वाटली. थाप मारून माल सुधारला म्हणून काकासांनीही पाठ थोपटली.

पण थाप मारून मोकळं होता आलं नाही. पुढच्या बाजाराला तिने विचारलं, "त्यास्नी कवा पोचंल?" ती नवऱ्याचं नाव घेत नसे, 'त्यास्नी' एवढंच. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत." मग दर आठवड्याला ती विचारायची आणि मी सांगायचो. आता पुण्याच्या रेल्वेत चढला असेल. आता कारखान्यात भिजत असेल. आता कातडं झालं. आता बूट झाला. पुढे पुढे तीच सांगू लागली. भारा उतरवून घाम पुसत म्हणायची, "आता बोटीत असंल न्हाई, धाकलं शेट? लई पानी असंल न्हाई सगळीकडं?" आणि मी समुद्र न पाहिलेला माणूस तिला समुद्र सांगायचो.

मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहू लागलो. माझं लग्न झालेलं होतं, बायको भली होती, कसलं वावगं मनात नव्हतं. पण घाटघरच्या वाटेवर तिचं हिरवं लुगडं दिसेपर्यंत मला चैन पडायचं नाही, हे आता या वयात लपवून काय करायचंय? तिला ओढ होती बुधाची, आणि मला ओढ होती तिने ती ओढ माझ्यापाशी बोलून दाखवायची. त्या बुधाचा मला हेवा वाटायचा. आपली अशी वाट कुणी पाहिली तर आपण पृथ्वीच्या टोकावरून परत येऊ, असं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी माघात अवकाळी पाऊस झाला. सलग चार दिवस. सगळ्या डोंगरावरचा हिरडा कातळावर पसरलेला होता, तो जागच्या जागी भिजला आणि काळा पडला. इकडे मुंबईहून तारेवर तार. काकासांनी मला बोलावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोटात घाल."

हा आमच्या धंद्यातला जुना प्रकार. पोत्याच्या तळाला चांगला हिरडा, तोंडाशी चांगला हिरडा, आणि मध्ये, पोटात, काळा. तोंड उसवून हात घालणाऱ्याला सोनंच लागतं. सगळ्या वखारी थोडंफार करायच्या. पण आम्ही केलं नव्हतं, आमच्या पोत्यांवरच्या माझ्या निशाणीला म्हणून तर मुंबईत मान होता. मी काकासांना म्हणालो, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "सगळी मुंबई काळाच माल घेतेय यंदा. आपण नाही दिला तर दुसरा देईल." मी आणखी एकदा 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. दोन दिवस मी स्वतःच्या हाताने पोती भरली आणि प्रत्येकावर माझी निशाणी काढली.

तिसऱ्या दिवशी बाजार होता आणि ठकू आली. डोक्यावर काही नव्हतं.

"तुझा माल?"

"टाकला. कड्यावरनं खाली लोटून दिला."

"सगळा?"

"काळा पडला व्हता. त्यांच्या पायाला नको त्यो."

अख्ख्या हंगामाची मेहनत तिने दरीत लोटली होती, माझ्या एका थापेवर विश्वास ठेवून. तिला काही काम हवं होतं. गाड्या दुपारी निघायच्या होत्या आणि पोत्यांची तोंडं शिवायची राहिली होती. मी तिच्या हाती दाभण आणि सुतळी दिली.

ती दिवसभर बसून पोती शिवत होती. टाका घट्ट, सरळ. प्रत्येक पोतं शिवून झालं की त्यावर हलकेच हात ठेवायची आणि पुढचं ओढायची. मी ओट्यावर उभा राहून बघत होतो. त्या दिवशी मी एकही हिरडा चावला नाही आणि पाणी कडू लागत होतं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पाटलाकडे सरकारी कागद आला. इंग्रजी होता म्हणून पाटील तिला घेऊन वखारीत आले. मी वाचला. दवाखान्यात आजाराने वारला, एवढंच होतं त्यात. मी तेवढंच सांगितलं. ती ओट्यावर बसली. मग विचारलं, "कसला आजार?" मी म्हणालो, लिहिलेलं नाही.

लढाई संपल्यावर मंचरचे हवालदार परत आले, ते बुधाच्याच तुकडीत होते. त्यांनी सांगितलं. तिकडे हिवाळ्यात गुडघाभर चिखल, बर्फासारखं पाणी. बुधाचे बूट उसवले, पाणी आत शिरलं, पाय सडले, विष वर चढलं. ठकू त्यांच्यासमोर उभी होती, मीही होतो. ऐकून झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आपला हिरडा त्यास्नी पोचलाच न्हाई म्हणायचा, धाकलं शेट. दुसऱ्या कुणाचा तरी व्हता त्यो."

मी मान डोलावली.

ते बूट कुठले, विलायतेतले का इकडचे, हे हवालदारांना ठाऊक असेल. वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी दाढीला बसतो आहे. अजून विचारलेलं नाही. तुकडी लढली ती कुठल्या तोफेने हे ते रोज सांगतात, आणि मी रोज ऐकतो.

काकासा गेले. वखार माझ्याकडे आली आणि आता मुलाकडे आहे. पोटात काळा घालायचं मी त्यानंतर कधी केलं नाही, पण याची शेखी मिरवायला मला तोंड नाही. ठकू मात्र येत राहिली. दुसरं लग्न केलं नाही. हिरडा तसाच, एकसारखा, पिवळा, एकही खोट नाही. कधी मी म्हणायचो, आता इतकं निवडायची गरज नाही. ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. कुनाच्या तरी पायात जाईलच की."

यंदा हंगामाच्या शेवटच्या बाजाराला ती आली. आता पाठीत वाकली आहे, पुतण्याच्या बैलावर भारा घालून आणते. मुलगा काट्यापाशी होता, मी नुसता खुर्ची टाकून बसलो होतो. ती माझ्याजवळ ओट्यावर बसली.

"पुन्हा लढाई लागली म्हणं, धाकलं शेट." माझे केस पिकले तरी तिच्यासाठी मी धाकलाच. "या टायमाला येळेवर धाडा. आमच्या वाडीतली दोन पोरं गेलीत."

संपादकांचं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. मला वाटलं, मी हे दिवाळी अंकात लिहिणार, पुण्यामुंबईची माणसं वाचणार, आणि जिला सांगायला हवं तिला वाचता येत नाही. मी म्हणालो, "ठकूबाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय." पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणालो. "त्या पावसाच्या वर्षी तुम्ही पोती शिवलीत ना, त्यांच्या पोटात काळा हिरडा होता. मी भरला होता. तुम्हाला तोंडाशी दिसला तो चांगला होता."

 समोरच्या ढिगातला एक हिरडा उचलून तिने बोटांत फिरवला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"जल्मापास्नं हिरड्यात हाय मी. भिजल्याला हिरडा वासानं कळत न्हाई का? दाभण घातली की बुरसा वास यायचा. पैल्याच पोत्याला कळलं."

 "मग शिवलीत का?"

"गाड्या उभ्या व्हत्या. म्हणलं, आपुन बोललो आन् गाडी अडली, तर त्यांचं बूट अडत्याल. तुमीच म्हणाला व्हता ना दिवाळीपत्तुर पोचत्यात. थंडीत अनवाणी ऱ्हान्यापरीस काळा तर काळा." तिने हिरडा परत ढिगात ठेवला. "तवापास्नं मनात हाय. तुमी पोतं भरलं, पर तोंड मी शिवलं. तुमास्नी कसं सांगावं, म्हणून हवालदार आलं त्या दिशी म्हणलं, दुसऱ्या कुनाचा व्हता म्हणून."

वीस वर्षं मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून. दर बाजाराला समोरासमोर. ती हे सगळे हिरडे का निवडत होती, ते मी, जुन्नरचा नावाजलेला पारखी, ओळखू शकलो नाही. मला रडू आलं. मुलगा काट्यावरून बघत होता, बघू दिलं.

मग मी तिला खरी गोष्ट सांगितली, जी पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती. बुधाच्या बुटात घाटघरचा हिरडा गेला की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते माल चांगला यावा म्हणून बोललो होतो. जुन्नरचा, आंबेगावचा, कुठला कुठला माल मुंबईत एका ढिगात पडतो. त्यांच्या पायाचं पाप तुमच्या दाभणावर नाही.

 मला वाटलं, आता ती उठून जाईल, आणि पुन्हा येणार नाही. ते माझ्या वाट्याला आलं असतं तर योग्यच झालं असतं.

"म्हंजी तवा आपला हिरडा बोटीत न्हवता?" तिने विचारलं.

"नव्हता."

"समिंदरातबी न्हवता?"

"नाही ठकूबाई. मला काहीच ठाऊक नव्हतं."

"मला तर रोज दिसायचा," ती म्हणाली. "चुलीम्होरं बसलं की दिसायचा. त्या दिसन्यावरच निभावलं की मी सगळं."

तिने ढिगातला एक हिरडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, चावून बघा. मला आता दोनच दाढा आहेत. त्या दोन दाढांनी मी तो फोडला. जीभ आवळली, डोळ्यांत पाणी आलं. तिने ओट्यावरच्या माठातून तांब्या भरून माझ्यापुढे धरला.